जुन्या फोटोतील अनोळखी व्यक्तीची ओळख कशी पटवावी

घरातली वडीलधारी पिढी गेली की ट्रंका उघडल्या जातात, भांड्यांच्या आणि कागदपत्रांच्या वाटण्या होतात आणि कोणालाच नको असलेला जुन्या फोटोंचा गठ्ठा बहुधा घरातल्या एखाद्या हौशी माणसाकडे येऊन पडतो. तो माणूस तुम्ही असाल, आणि त्या गठ्ठ्यातल्या निम्म्या चेहऱ्यांना नाव देऊ शकेल असे घरात कोणी उरले नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्या घरी आलेल्या अशा फोटोंवर मी काम केले आहे. ज्या गोष्टी सुरुवातीलाच कोणी सांगितल्या असत्या तर बराच खटाटोप वाचला असता, त्या येथे क्रमाने देत आहे.

आधी एक मुख्य सूचना. बहुतेक लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात: “नाक अगदी आपल्या आबांसारखे आहे, म्हणजे हे आबांचे वडील असणार.” एकाच कुळात तेच नाक पाच-सहा जणांना असू शकते, आणि एकदा का एक नाव मनात बसले की पुढचा प्रत्येक पुरावा त्याच नावाकडे झुकलेला दिसू लागतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. फोटो कोणाकडून आला, तो केव्हाचा आहे, कुठला आहे, त्या काळी त्या गावी घरातले कोण असू शकत होते, हे सर्व झाल्यावर शेवटी चेहरा.

सोबत काय हवे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, मऊ शिसाची पेन्सिल, फ्लॅटबेड स्कॅनर किंवा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन, स्वच्छ सुती हातमोजे, आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि एक जाड वही इतके साहित्य पुरते. कागदपत्रांपैकी घरातली वंशावळ (कच्ची असली तरी चालेल), जुन्या लग्नपत्रिका, पत्रे, जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जमिनीचे फेरफार उतारे आणि घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असल्यास तो जवळ ठेवावा.

१. फोटो हलवण्यापूर्वी त्याची स्थिती नोंदवा

गठ्ठा जसा आला तसा, एकही फोटो इकडचा तिकडे न करता, त्याची आधी छायाचित्रे घ्यावीत. कोणता फोटो कोणत्या पाकिटात होता आणि कोणत्या पत्रांच्या घडीत सापडला, हीच माहिती पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि आवराआवरीत ती पहिल्या तासातच नष्ट होते. त्यानंतर प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा. तो पाकिटावर लिहावा. फोटोवर लिहिणे अगदी आवश्यक असेल तर मागच्या बाजूला कडेला, पेन्सिलीने, दाब न देता लिहावे. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला उमटते आणि शाई कालांतराने आरपार पाझरते.

काळ्या कागदाच्या अल्बममध्ये चिकटवलेले फोटो ओढून काढू नयेत. काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नये, कारण त्याचा वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट स्कॅन करावा. फोटो पाण्याने पुसणे, सेलोटेप लावणे आणि लॅमिनेशन करणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

भिंतीवरच्या तसबिरी उघडताना घाई करू नये. फ्रेम करणारे कारागीर पुठ्ठ्याच्या आत पुष्कळदा जुने वर्तमानपत्र भरीत. त्या कागदावर तारीख असेल तर ती फ्रेम त्या तारखेनंतर केव्हातरी बसवली इतके नक्की होते. फोटो मात्र त्याहून बराच जुना असू शकतो.

स्कॅन करताना लहान फोटो १२०० डीपीआयवर आणि मोठे ६०० डीपीआयवर करावेत, मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, आणि कोरी दिसत असली तरी मागची बाजूही स्कॅन करावी.

२. फोटो कोणाच्या हातून आला ते शोधा

हा टप्पा लोक वगळतात, आणि माझ्या मते अर्धे उत्तर येथेच असते. आपल्याकडे फोटो आडनावाबरोबर फिरत नाहीत, ते बायकांच्या ट्रंकेतून फिरतात. लग्न होऊन आलेल्या मुलीने माहेरचे दोन-चार फोटो सोबत आणलेले असतात. ती गेल्यावर ते सासरच्या गठ्ठ्यात मिसळतात आणि तिच्या नातवंडांना ते सगळे आपल्याच आडनावाचे लोक वाटू लागतात. म्हणून ट्रंक आजीची असेल तर पहिला शोध तिच्या माहेरी घ्यावा, आणि पणजीची असेल तर पणजीच्या.

याच टप्प्यावर आणखी एक शक्यता मनाशी ठेवावी, ती म्हणजे फोटोतली व्यक्ती नात्यातली नसेलच. संस्थानिक, पुढारी, सत्पुरुष आणि नट यांचे फोटो पूर्वी विकत मिळत आणि लोक ते आवडीने अल्बममध्ये लावीत. लोकमान्य टिळकांचा किंवा अक्कलकोटच्या स्वामींचा फोटो आपण ओळखतो. एखाद्या छोट्या संस्थानाचा दिवाण किंवा विस्मरणात गेलेला गायक आपल्याला ओळखू येत नाही. घरातले गुरुजी, बदलीच्या गावचे शेजारी, नोकरीतले वरिष्ठ यांचेही फोटो भेट म्हणून येत. पुठ्ठ्यावर छापील नाव असेल, किंवा त्याच फोटोची प्रत दुसऱ्या अगदी असंबंधित घरात दिसली, तर या दिशेने विचार करावा.

कुटुंबातल्याच पण विसरल्या गेलेल्या माणसांचेही काही ठरावीक प्रकार आहेत: तरुणपणी वारलेली पहिली पत्नी, दत्तक गेलेला आणि त्यामुळे आडनाव बदललेला मुलगा, अविवाहित राहिलेले काका, लहानपणी गेलेले मूल, माहेरी परतलेली विधवा आत्या. यांची संतती नसल्याने किंवा दुसऱ्या घरची झाल्याने त्यांचे नाव सांगणारे कोणी उरत नाही. घरातल्या अनोळखी फोटोंत हीच माणसे जास्त निघतात.

३. मागची बाजू वाचा

फोटोच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यावर काय काय असू शकते ते क्रमाने पाहू.

स्टुडिओचे नाव आणि गाव. ते पुठ्ठ्यावर खाली छापलेले, मागे नक्षीसह छापलेले, किंवा नुसते दाबून उठवलेले असते. उठवलेला शिक्का समोरून दिसत नाही. खोलीत अंधार करून विजेरीचा प्रकाश फोटोच्या पातळीत, एका कडेने टाकला की तो वाचता येतो. गावावरून नोकरीचा माग लागतो. मराठी कुटुंबे बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, देवास आणि धार या संस्थानांत, हैदराबादेत, कराचीत, रेल्वेत आणि बांधकाम खात्यात पसरलेली होती. कोकणातल्या घरात इंदूरच्या स्टुडिओचा फोटो सापडला तर घरातले कोण कधी इंदुरास होते, हा एकच प्रश्न बरीच नावे गाळून टाकतो. स्टुडिओ स्वतः किती काळ चालू होता हे जुन्या डिरेक्टऱ्यांतून आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून कळू शकते. राजा दीनदयाळ यांच्यासारख्या नामांकित छायाचित्रकारांबाबत तर छापील माहिती भरपूर आहे. त्यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ १८८०च्या दशकातला आणि मुंबईचा १८९०च्या दशकातला, त्यामुळे पुठ्ठ्यावर मुंबईचा पत्ता असेल तर त्याआधीची वर्षे आपोआप बाद होतात.

पत्ता आणि किंमत. नुसता ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे २’ असा विभाग क्रमांक असेल तर तो पत्ता सहसा जुना समजावा, कारण सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. मात्र जुनी सवय आणि जुने शिक्के त्यानंतरही काही वर्षे चालत राहिले. पाठीवर आण्यांत रक्कम लिहिली असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची असते, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी सुरू झाली. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असे लिहिले असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ धरावा.

तिथी आणि शक. ‘शके १८३१’ असे लिहिले असेल तर इसवी सन काढण्यासाठी ७८ मिळवावेत. तिथी माघ-फाल्गुनातली किंवा पौषाच्या उत्तरार्धातली असेल तर ७९. म्हणजे शके १८३१ हे १९०९-१० होय. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावेत, जानेवारी ते मार्चमधल्या तिथीला (आणि दिवाळीला वर्ष बदलणाऱ्या गुजराती पद्धतीत जानेवारीपासून दिवाळीपर्यंत) ५६. फसली सनात (जुन्या महसुली कागदांतली कालगणना) साधारण ५९० मिळवावेत. केवळ संवत्सराचे नाव असेल, उदाहरणार्थ ‘प्रभव’, तर ते साठ वर्षांनी परत येते हे विसरू नये. १८६७, १९२७ आणि १९८७ या तिन्ही वर्षी प्रभव संवत्सर सुरू झाले.

अक्षर. मजकूर मोडीत असेल तर लिहिणारी व्यक्ती बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंवा त्याआधी शिकलेली असते. वाचता येत नसेल तर अंदाज करू नये, जाणकाराकडून वाचून घ्यावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमध्ये मोडीचे वर्ग चालत आले आहेत, आणि अलीकडच्या काळात जुन्या महसुली नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

नावाआधीची अक्षरे. आपल्या लिहिण्याच्या पद्धतीत माणसाची स्थिती नावाआधीच सांगितलेली असते आणि तिचा उपयोग काळ ठरवायला होतो. ‘चि.’ म्हणजे लिहिणारा वयाने मोठा आणि फोटोतली व्यक्ती लहान. ‘ती.’ किंवा ‘तीर्थरूप’ म्हणजे नाते उलटे. ‘कु.’ अविवाहित मुलगी, ‘चि. सौ. कां.’ लग्नाला उभी असलेली वधू, ‘सौ.’ पती हयात असलेली स्त्री, ‘गं. भा.’ विधवा. ‘कै.’ लिहिले असेल तर मजकूर मृत्यूनंतरचा आहे, फोटो मात्र आधीचा. त्यामुळे एकाच पाठीवर दोन वेगळ्या शायांत ‘सौ.’ आणि नंतर ‘कै.’ दिसले तर दोन वेगळ्या काळांतल्या दोन व्यक्तींनी ते लिहिलेले असू शकते, आणि दुसऱ्याचे ज्ञान ऐकीव असण्याची शक्यता अधिक.

या टप्प्यावरचा सर्वांत मोठा सापळा म्हणजे घरगुती हाका. नाना, तात्या, अण्णा, आबा, बापू, भाऊ, दादा, काका ही नावे प्रत्येक घरात प्रत्येक पिढीत असतात. त्यातही एकत्र कुटुंबात मुले मोठ्यांचे ऐकून हाका मारीत, त्यामुळे कित्येक घरांत मुले सख्ख्या वडिलांना ‘काका’ किंवा ‘भाऊ’ म्हणत आणि सख्ख्या आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’. म्हणून ‘कै. दादा’ या शब्दांचा अर्थ लावण्यापूर्वी ते अक्षर कोणाचे आहे हे जुन्या पत्रांशी ताडून पाहावे, आणि मग ती व्यक्ती ‘दादा’ कोणाला म्हणत असे याचा शोध घ्यावा. स्त्रियांच्या बाबतीत लग्नात नावच बदलत असल्याने माहेरची ‘यमू’ आणि सासरची ‘लक्ष्मीबाई’ एकच असू शकते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे एका पिढीआड तेच नाव, तेच वडिलांचे नाव आणि तेच आडनाव पुन्हा येते. अशा वेळी पूर्ण नाव मिळाले तरी काम संपलेले नसते.

४. कागद आणि आकार यांवरून काळ ठरवा

पातळ, पिवळट-तपकिरी झाक असलेला फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल आणि भिंगातून कागदाचे तंतू दिसत असतील तर तो अल्ब्युमेन पद्धतीचा (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा) असण्याचा संभव आहे. ही पद्धत १८५० मध्ये आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्रास चालली. काळा-पांढरा, गडद भागांच्या कडेला चांदीसारखी चमक आलेला फोटो जिलेटिन कागदावरचा असतो आणि बहुतेक घरांतले फोटो याच प्रकारचे असतात.

पुठ्ठ्याचा आकार मोजावा. साधारण ६.३ × १० सेंटिमीटरचे छोटे पुठ्ठे हा १८५४ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट झालेला व्हिजिटिंग कार्ड आकार, तर साधारण १०.८ × १६.५ सेंटिमीटरचा कॅबिनेट आकार १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा. आपल्याकडे लहान गावांतले स्टुडिओ जुना माल संपेपर्यंत वापरीत, म्हणून परदेशी पुस्तकांतल्या तारखा जशाच्या तशा लावू नयेत. आकारावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच म्हणावे. मागे पोस्टकार्डासारखी रेघ आणि तिकिटाची चौकट छापलेले फोटो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतले असतात.

चौकोनी, पांढरी किनार असलेले, कधी कडा करवतीसारख्या कापलेले लहान फोटो हे १२० नंबरच्या फिल्मवरचे. आग्फा क्लिक ३ सारख्या कॅमेऱ्यांमुळे ते साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत खूप निघाले. रंगीत फोटो बहुतेक घरांत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर आले. त्याआधीचा ‘रंगीत’ फोटो बहुधा हाताने रंगवलेला असतो.

हा शेवटचा मुद्दा थोडा वाढवून सांगते, कारण त्यात फसगत फार होते. दिवाणखान्यात हार घातलेली जी मोठी तसबीर असते ती पुष्कळदा मृत्यूनंतर एखाद्या समूहफोटोतला चेहरा मोठा करून बनवलेली असते. चेहरा खरा असतो, परंतु कोट, उपरणे, कधी पगडी आणि कपाळावरचे कुंकूसुद्धा कलाकाराने रंगवलेले असते. भिंगातून पाहिल्यास चेहऱ्याभोवती ब्रशचे फटकारे दिसतात. अशा तसबिरीवरून पोशाखाचा काळ ठरवू नये. उलट तिचा मूळ समूहफोटो गठ्ठ्यात आहे का ते शोधावे, कारण तो सापडला तर एका व्यक्तीची जागा निश्चित होते. जिवंतपणी काढलेल्या फोटोंतही स्टुडिओतला कोट उसना घालण्याची पद्धत होती, त्यामुळे अंगाला न बसणारा कोट दिसला की सावध व्हावे.

५. पोशाख पाहा, पण रंगावर विश्वास ठेवू नका

पुरुषांच्या डोक्यावरून बरेच कळते. पगडी, पागोटे, रुमाल, फेटा, काळी टोपी यांत प्रांत, जात, व्यवसाय आणि वय यांचे मिश्रण असते. पांढरी गांधी टोपी दिसली तर फोटो १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा समजावा. पगडी मात्र जुनी म्हणून फोटो जुना असे होत नाही, कारण वृद्ध माणसे तरुणपणचा पोशाख शेवटपर्यंत सोडत नसत. काळ ठरवायचा तर त्याच फोटोतल्या तरुणांच्या आणि मुलांच्या कपड्यांकडे पाहावे. स्त्रियांमध्येही नऊवारीतली सासू आणि पाचवारीतली सून शेजारी उभ्या असतील तर सुनेचा पोशाख काळ सांगतो.

आता रंगाविषयी. १९२०-३० पूर्वीच्या कॅमेऱ्यांतल्या बऱ्याच काचेच्या नेगेटिव्ह आणि फिल्म निळ्या प्रकाशाला अधिक आणि तांबड्याला फारच कमी प्रतिसाद देत. परिणामी तांबडे वस्त्र जवळजवळ काळे आणि निळे वस्त्र पांढुरके उमटे. म्हणजे ‘पांढरे लुगडे, म्हणून विधवा’ हा तर्क उलटा पडू शकतो. तांबडे आलवण (विधवेचे लुगडे) नेसलेली केशवपन झालेली स्त्री गडद वस्त्रात दिसेल आणि आकाशी लुगडे नेसलेली सवाष्ण पांढऱ्यात. कुंकू काळे दिसते. लहान फोटोत ते मुळीच न दिसणेही शक्य आहे. वैधव्याचा निष्कर्ष काढायचा तर कपाळ, गळ्यातले मंगळसूत्र, हातातल्या बांगड्या, डोक्यावरचा पदर आणि पाठीवरचे ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ हे सर्व एकत्र पाहावे.

नेगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला फोटो आरशातल्यासारखा दिसतो. कोटाचा वरचा खिसा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला गेला असेल किंवा पाटीवरची अक्षरे उलटी असतील तर प्रतिमा संगणकावर फिरवून घ्यावी, नाहीतर ‘उजव्या गालावरचा तीळ’ डावीकडे शोधत बसावे लागेल.

फौजी पोशाख असेल तर टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची अक्षरे मोठी करून पाहावीत. भारतीय फौजेच्या पलटणींचे क्रमांक १९२२ च्या पुनर्रचनेत बदलले, म्हणून जुना क्रमांक दिसणे ही चांगली खूण आहे. घरात पहिल्या महायुद्धातले पदक असेल तर त्याच्या कडेवर बहुधा नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते.

६. समूहफोटोत जागेवरून नाते वाचा

लग्न, मुंज आणि नोकरीतला निरोपसमारंभ या तीन प्रसंगी समूहफोटो हमखास काढला जाई. मुंजीच्या फोटोत बटू डोक्याचा गोटा आणि लंगोटी किंवा सोवळे यांवरून ओळखता येतो, आणि मुंज साधारण आठव्या वर्षाच्या आसपास होत असल्याने त्याचे जन्मवर्ष माहीत असेल तर फोटोचे वर्ष दोन-तीन वर्षांच्या फरकाने मिळते. मधल्या खुर्च्यांवर घरातले वडील आणि मानाचे पाहुणे बसतात. जावयाला खुर्ची मिळते, धाकट्या दिराला मिळेलच असे नाही. सुना मागे उभ्या असतात, मुले सतरंजीवर. हा नियम नव्हे, पण अनोळखी तरुण खुर्चीवर आणि घरचे मोठे मुलगे मागे उभे असतील तर तो जावई असू शकतो, इतका अंदाज बांधायला हरकत नाही.

वयाचा अंदाज करताना मुलांपासून सुरुवात करावी. मोठ्या माणसाचे वय फोटोवरून सांगताना दहा-पंधरा वर्षांचा फरक सहज पडतो, पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो एखाद-दोन वर्षांचाच असतो.

७. संभाव्य व्यक्तींची यादी करा आणि गाळत जा

आता वहीत सर्व संभाव्य व्यक्तींची नावे, जन्म-मृत्यूची वर्षे आणि राहण्याची गावे लिहावीत. जे पटते ते शोधण्याऐवजी जे शक्य नाही ते कापत जावे.

आमच्याकडच्या एका फोटोचे उदाहरण देते. पगडी घातलेले वृद्ध गृहस्थ खुर्चीवर, शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा, पुठ्ठ्यावर बडोद्याचा स्टुडिओ, मागे ‘कै. नाना’. घराण्यात नाना म्हटले जाणारे तिघे होते: पणजोबांचे थोरले बंधू, त्यांचे चुलतभाऊ आणि पणजीचे वडील. मुलगा म्हणजे आमचे आजोबा, हे दुसऱ्या नाव लिहिलेल्या फोटोवरून ठरलेले होते. त्यांचे जन्मवर्ष १९०२, म्हणून फोटो १९०९-१० च्या आसपासचा. चुलतभाऊ त्याआधीच वारले होते, हे जमिनीच्या वारस नोंदीवरून दिसले. थोरल्या बंधूंचे वय तेव्हा चाळिशीचे, फोटोतले गृहस्थ साठीच्या पुढचे. उरले पणजीचे वडील, आणि ते बडोदे सरकारच्या नोकरीत असल्याचा उल्लेख एका पत्रात होता. येथपर्यंत कोणाच्याही नाकाकडे पाहावे लागले नाही.

८. माणसांना विचारा, पण उत्तर सुचवू नका

“हे तुमचे मामा ना?” असे विचारले की ऐंशी वर्षांच्या आजी “हो हो, तेच” म्हणतात. त्यांना तुमचे मन मोडायचे नसते. फोटो समोर ठेवून “यात तुम्हाला काय काय ओळखू येते?” इतकेच विचारावे. पुष्कळदा चेहरा आठवत नाही पण खुर्ची, पडवी, झोपाळा किंवा विहीर आठवते, आणि जागा कळली की माणसे हळूहळू आठवू लागतात. दोन वृद्धांना शक्यतो वेगवेगळे विचारावे, कारण एकत्र बसले की जो मोठ्याने बोलतो त्याचे मत दोघांचे होते. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि कोणी काय सांगितले, त्यांनी ती व्यक्ती स्वतः पाहिली होती की नुसते ऐकले होते, हे त्याच दिवशी लिहून काढावे.

एक व्यावहारिक सूचना. लांबच्या नातेवाइकांना फोन करून थेट वंशावळ विचारली तर समोरच्याला हा जमिनीच्या वाटपाचा किंवा जातपडताळणीचा विषय वाटतो आणि बोलणे आखडते. आधी फोटो पाठवावा, कशासाठी विचारतो आहोत ते सांगावे, आणि आपल्याकडचे दोन फोटो त्यांना द्यावेत. मग त्यांचीही ट्रंक उघडते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना मागची बाजूही टाकावी आणि स्वतःचा अंदाज लिहू नये.

९. कागदपत्रांशी ताडून पाहा

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात. त्यांच्या नकलेसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. कोणाच्या पश्चात कोण वारस लागले हे फेरफार नोंदवहीतून कळते, आणि मृत्यूचे साधारण वर्षही त्यातूनच मिळते. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने महसुली कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, त्यामुळे आधी तेथे पाहून मग गावी जावे. गोव्यातल्या कुटुंबांना पोर्तुगीज काळातल्या नागरी नोंदणीचा आणि ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींचा उपयोग होतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, गाव आणि जन्मतारीख असते. परंतु जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून असण्याचे कारण शाळा जूनमध्ये उघडत आणि गुरुजी अंदाजाने तारीख घालीत, हे आहे. अशा तारखेतले वर्षही एक-दोनने पुढे-मागे असू शकते.

कुलवृत्तांत छापलेला असेल तर दत्तक, द्वितीय विवाह आणि स्त्रियांची माहेरची नावे त्यात तपासावीत. तो नसेल तर नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी पाहाव्यात. यात्रेला आलेले पूर्वज स्वतःचे, भावांचे आणि मुलांचे नाव त्यांत लिहून जात. त्यांचा शोध आडनाव आणि मूळ गाव यांवर चालतो, म्हणून सध्याचे नव्हे तर घराण्याचे मूळ गाव सांगावे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूला हेळवी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या वंशावळी मिळू शकतात. संस्थेचा किंवा कचेरीचा समूहफोटो असेल तर त्याच संस्थेत त्याची दुसरी प्रत, खाली नावे छापलेली, भिंतीवर लावलेली असू शकते. ती विचारायला संकोचू नये.

१०. आता चेहरा

यादीत एक-दोनच नावे उरली असतील तेव्हा चेहऱ्यांची तुलना करावी. ज्यांची ओळख निश्चित आहे असे फोटो शेजारी ठेवावेत आणि वयाने फारसे न बदलणाऱ्या गोष्टी पाहाव्यात: कानाची पाळी आणि कानाची घडी, डोळ्यांतले अंतर, हनुवटीची ठेवण, भुवयांची रेषा. मिशा, केस आणि शरीरयष्टी यांवर भर देऊ नये. चेहरे जुळवणारी फोनमधली सोय सख्ख्या भावांना आणि बाप-लेकांना एकच ठरवू शकते. ती सूचना म्हणून घ्यावी, पुरावा म्हणून नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो ‘स्पष्ट’ करणाऱ्या किंवा रंगवणाऱ्या साधनांविषयी माझे मत कडक आहे. ओळख पटवण्याच्या कामात ती वापरूच नयेत. मूळ फोटोत नसलेले डोळे, पापण्या आणि दात ती स्वतःच्या अंदाजाने भरतात, आणि तो गुळगुळीत चेहरा एकदा नातेवाइकांत फिरला की सगळ्यांच्या स्मरणात तोच बसतो. हौसेखातर प्रत करायचीच असेल तर तिच्यावर तसे लिहून ठेवावे आणि मूळ स्कॅनपासून वेगळी ठेवावी.

११. निष्कर्ष त्याच्या खात्रीसह लिहा

प्रत्येक फोटोसाठी नावापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’ यांपैकी एक शब्द लिहावा. निश्चित म्हणजे त्या काळातला लिखित पुरावा किंवा एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे. बहुधा म्हणजे बाकीची नावे गळाली आणि विरुद्ध पुरावा नाही. आमचे बडोद्याचे नाना याच वर्गात आहेत. शक्य म्हणजे नुसता अंदाज. सोबत कारणे, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी, आणि जी नावे बाद केली ती का केली हेही, म्हणजे पुढे नवे पत्र सापडले तर तुमचा मुलगा किंवा पुतणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. ही टिपणे कागदावर आणि स्कॅनच्या फाइलच्या माहितीत अशी दोन्ही ठिकाणी ठेवावीत. मूळ फोटो आम्लविरहित पाकिटात, उभा, कोरड्या जागी ठेवावा. माळा आणि लोखंडी ट्रंक या दोन्ही जागा दमट कोकणात वाईट, कसरीसाठी मात्र उत्तम.

ज्यांचे नाव लागत नाही त्या फोटोंवरही काळ, गाव आणि ट्रंक कोणाची होती एवढे लिहून त्यांचा वेगळा संच करावा, आणि त्याची एक प्रत आजीच्या माहेरच्या घरी पाठवून द्यावी.